ओक्तावियानसाठी, घरपोच

कांदा पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर परतावा, असं कार्डावर लिहिलं होतं. ओक्तावियान चुपेर्का गॅससमोर उभे राहून कांदा पारदर्शक व्हायची वाट बघत होते. सगळं आयुष्य रेल्वे-इंजिनाच्या कारखान्यात गेलेलं, त्यामुळे कागदावर जे लिहिलंय ते तस्सं झालंच पाहिजे ही अंगात मुरलेली सवय. मधूनमधून ते कांद्याचा एक तुकडा चिमट्यात धरून खिडकीशी नेत, एक डोळा मिटत आणि त्यातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते का ते बघत. टाकी काही दिसेना. कांदा आधी पिवळा झाला, मग तपकिरी, आणि शेवटी ते खिडकीशी असतानाच कढईतून धूर निघायला लागला.

नेमका तेव्हाच परदेशातून, तुरीनहून, लेकीचा फोन आला.

“बाबा, आल्या का तिन्ही कंपन्यांच्या पिशव्या?” स्मारांदा तिथल्या एका इस्पितळात नर्स होती आणि जेवणाच्या सुट्टीत घास चावता चावता बोलत होती.

“आल्या की. सकाळीच एकच पांढरी गाडी तिन्ही देऊन गेली. लिफ्ट बंद आहे, बिचाऱ्या पोरांनी भलंमोठं खोकं चार मजले वर चढवलं आणि रिकामं खोकं परत उतरवलं.”

“मग करताय ना? तिन्ही करून बघा, फोटो पाठवा. ‘सोपी चूल’, ‘ताजी टोपली’ आणि ती तिसरी कुठली... ‘माळ्यावरची कढई’. जी आवडेल ती मी कायमची लावून टाकते. दर शनिवारी सगळं चिरलेलं, मोजलेलं, दारात.”

“करतोय. कांदा एकदम पारदर्शक झालाय,” ओक्तावियान म्हणाले आणि कढई सिंकमध्ये ढकलली.

“कसला आवाज आला?”

“वाफ.”

“बाबा, आज संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. आणि जमलं नाही, तर तुम्ही इकडे यायचं. ठरलंय आपलं.”

ठरलं होतं खरं. तुरीनमध्ये स्मारांदानं एक खोलीही तयार करून ठेवली होती. स्वच्छ, उबदार खोली, आणि तिच्या खिडकीतून शेजारच्या गॅरेजची भिंत. ओक्तावियान त्या खोलीत पंधरवडा राहून आले होते आणि त्यांना तिथे कुठलाच आवाज ओळखीचा वाटला नव्हता. क्रायोवा शहरातलं हे चौथ्या मजल्यावरचं घर त्यांना सोडायचं नव्हतं. इथे ते बायकोबरोबर, ओरिकाबरोबर राहिले होते, इथून ती गेली होती, आणि डोळे मिटायचे तर तेही इथेच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण एकटा माणूस नीट जेवतोय हे पटवल्याशिवाय लेक ऐकणार नव्हती. ओरिका गेल्यापासून ते रोज फोनवर तिला सूप, भाजी, भाताचे मेन्यू सांगत आणि प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या बेकरीतली कोव्रीग, म्हणजे कड्यासारखा कडक पाव, आणि बरणीतला आंबवलेला कोबी खाऊन झोपत.

फोन ठेवल्यावर त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं. तीन कंपन्या, तीन पिशव्या. एकीत, जळालेला कांदा सोडून, मसुराचं सूप करायचं सामान, एकीत मासा आणि लसूण, एकीत कोंबडी आणि सुकी आलुबुखारं. नव्या गिऱ्हाइकाला खूश करायला प्रत्येकीनं काहीतरी भेट घातली होती: मसुराबरोबर हात पुसायचा नक्षीदार टॉवेल, माशाबरोबर ‘दोघांच्या खास संध्याकाळी’साठी मेणबत्ती, कोंबडीबरोबर मातीचा मग. तिन्ही पिशव्यांवर एकच छापील चिठ्ठी चिकटवलेली होती: स्मारांदाकडून, प्रेमाने, ओक्तावियानसाठी. खाली एका कंपनीनं ठळक अक्षरात आपलं ब्रीद छापलं होतं: ‘आता तुम्ही विश्रांती घ्या. पुढचं आम्ही पाहतो.’

ते वाचता वाचता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढचं कुणीतरी पाहायला हवं, हे खरंच होतं. खालच्या तीन मजल्यांवर तीन शेजारी होते आणि तिघांनाही रांधता येत होतं. प्रत्येकाला एकेक पिशवी द्यायची. त्यांनी शिजवायचं, आपण एकेक ताट आणून फोटो काढायचा, उरलेलं त्यांनी खायचं. फसवणूक म्हणाल तर आहे, पण पोटात जाणार ते खरं जेवण. ओक्तावियाननी पिशव्या उचलल्या आणि जिना उतरायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर लाझार राहायचा. हा जिल्ह्याच्या फुटबॉल सामन्यांचा निवृत्त पंच. बेल दाबली, कुणी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या फिलोफ्तेयाबाई नाहीत. पहिल्या मजल्यावर पारास्किवाबाई, ज्यांच्याकडे अख्ख्या इमारतीच्या घरांच्या जादा किल्ल्या असत आणि म्हणून अख्ख्या इमारतीची मतंही असत, त्यासुद्धा नाहीत. एवढी सगळी माणसं शनिवारी सकाळी कुठे गेली, याचं ओक्तावियानना नवल वाटलं. पण चार मजले पिशव्या पुन्हा वर कोण नेणार? त्यांनी कोंबडी पारास्किवाबाईंच्या दाराच्या मुठीला अडकवली, वर येता येता मसूर फिलोफ्तेयाबाईंच्या आणि मासा लाझारच्या. नाव तर छापलेलंच होतं. ओक्तावियानसाठी. त्याच्यासाठी शिजवायचं, यात न कळण्यासारखं काय आहे? बाकीचं नंतर समजावू, असं म्हणून ते घरी आले, कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं आणि धुराच्या वासात गाढ झोपी गेले.

जाग आली तेव्हा बाहेर तिन्हीसांजेची वेळ होती. पोटात कावळे ओरडत होते. यंत्र कानात घालून त्यांनी दार उघडलं, आणि मसाल्यांचा, लसणाचा वास जिन्यातून वर आला. ते खूश झाले. सोसायटीनं या वर्षी जिन्यात नवे दिवे बसवले होते, माणूस दिसला की आपोआप लागणारे. ओक्तावियान उंबरठ्याबाहेर आले. दिवा लागला नाही. त्यांनी एक हात हलवला, मग दोन्ही हलवले. शेवटी जरा उडीही मारली. जिना अंधारातच राहिला.

“बिघडला वाटतं,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि कठडा धरून उतरायला लागले. खालच्या मजल्यावरचाही दिवा लागला नाही. पण तिथे उजेड होता. लाझारच्या दारासमोर, जमिनीवर, एका पेल्यात मेणबत्ती जळत होती. दार अर्धं उघडं. आत माणूस नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर तळलेला मासा झाकून ठेवलेला, आणि त्याच्याशेजारी एक छोटा पेला काठोकाठ भरलेला, कुणी न शिवलेला.

“लाझार! अरे लाझार!”

कुणी ओ दिली नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून ताट उचलणं बरं दिसत नाही म्हणून ओक्तावियान तसेच खाली गेले. फिलोफ्तेयाबाईंचं दार बंद होतं आणि त्याच्याही पुढे मेणबत्ती. त्यांनी बेल वाजवली. बेल वाजलीच नाही. मग त्यांनी दारावर थाप मारली.

दार करकरत उघडलं. फिलोफ्तेयाबाई डोक्याला काळा रुमाल बांधून उभ्या होत्या. मेणबत्तीचा उजेड खालून ओक्तावियानच्या हनुवटीवर पडला होता. बाईंच्या हातातला डाव खणकन खाली पडला.

“अहो, घाबरताय काय? मी ओक्तावियान. माझं ताट...”

“दिलं!” फिलोफ्तेयाबाई किंचाळल्या. “सगळं दिलं, भाऊ! मसूर केले, मेणबत्ती लावली, काही म्हणता काही ठेवलं नाही. आता शांतपणे जा!”

आणि दार धाडकन बंद. आतून कडी लागली, मग दुसरी कडी, मग काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज.

“मला फक्त एक ताट पाहिजे हो!” ओक्तावियान दाराला तोंड लावून म्हणाले.

“पोचेल!” आतून रडका आवाज आला. “पोचेल तुम्हाला, तिकडं पोचेल!”

तिकडं म्हणजे कुठे? वर चौथ्या मजल्यावर? म्हातारीला ताप आला असावा, असं ठरवून ते पारास्किवाबाईंकडे निघाले. पहिल्या मजल्यावरून खालचं मुख्य दार दिसत होतं. त्याच्या काचेवर कुणीतरी काळं कापड बांधलं होतं, इमारतीत कुणी गेलं की बांधतात तसं. आता त्यांच्या ध्यानात आलं. कुणीतरी गेलंय! म्हणून मेणबत्त्या, म्हणून काळा रुमाल. कोण बरं? तळमजल्यावरचा शिंपी गेले कित्येक दिवस खोकत होता. बिचारा. अशा वेळी शेजाऱ्यानं जाऊन बसायला हवं, म्हणून चेहरा पाडून त्यांनी पारास्किवाबाईंच्या दाराकडे हात नेला.

“...पण माणूस सज्जन,” आतून पारास्किवाबाईंचा आवाज आला. “जरा चिक्कू होता. माती हलकी पडो त्याच्यावर.”

“हलकी पडो,” लाझारचा आवाज. “मी डोळ्यांनी बघितलं ना सकाळी, बाजारात निघताना. थंड गाडी आली होती, पांढरी. दोघं जण लांबट खोकं घेऊन जिना उतरत होते. मी टोपी काढली. कोण आहे विचारलं, तर एक म्हणतो, चौथा मजला.”

“आणि दार ठोठावलं, ठोठावलं, कुणी उघडलं नाही. जावं तर असं. पितरांच्या शनिवारी, झोपेत. आम्ही सगळ्या देवळात, कबरस्तानात आपापल्या पोमाना वाटत बसलो होतो, आणि घरी येऊन बघते तर दाराला पिशवी! पोरगी बघा किती गुणी. तिकडे परदेशात बसून बापाची पोमाना घरपोच पाठवली. वर लिहिलेलं, स्मारांदाकडून, ओक्तावियानसाठी. तुला मेणबत्ती आली, फिलोफ्तेयाला टॉवेल, मला मग. एक वस्तू चुकवली नाही पोरीनं. आजकाल कंपन्या सगळंच करतात म्हणा.”

“त्यावर लिहिलंयही छान,” लाझार नाक ओढत म्हणाला. “आता तुम्ही विश्रांती घ्या.”

ओक्तावियानचा हात दाराशी तसाच राहिला. गेलेल्याच्या नावानं, त्याच्यासाठी म्हणून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिजवलेलं अन्न, मेणबत्ती, टॉवेल, भांडं द्यायचं, हीच पोमाना, आणि ते सगळं पलीकडे त्याच्या पानात पडतं, हे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. पण हे सगळं बघणं ओरिकाचं काम होतं. ते कधी देवळाच्या पायऱ्या चढले नव्हते, आणि पितरांचे शनिवार त्यांच्या कॅलेंडरात नव्हतेच. आणि आज, नेमक्या या दिवशी, त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावाची पोमाना तीन दारांना अडकवली होती.

“खात काय होता कुणास ठाऊक,” पारास्किवाबाई सांगत होत्या. “कचऱ्याच्या बादलीत कोव्रीगचे कागद आणि कोबीच्या बरण्या. पोरीला फोनवर म्हणायचा सूप प्यायलो. मी आत्ताच सांगितलं तिला. फोन उचलत नाही कामावर, म्हणून निरोप ठेवला. म्हटलं, बाई, धीर धर, तुझा बाप गेला, उपाशी गेला, पण तुझं अन्न पोचलं.”

मेल्याचं ओक्तावियानना तितकं वाटलं नाही, जितकं त्या निरोपाचं वाटलं. आणि फोन तर वरच, उशाशी! इतक्यात आत पारास्किवाबाईंचा टेलिफोन खणखणला.

“काय? फिलोफ्तेया, नीट सांग! आला होता? ताट मागत होता?” मग पारास्किवाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “लाझार, ऐक. आत्मा भुकेला आहे. वर त्याच्या घरी पान मांडायला हवं. किल्ली दे ती खुंटीवरची.”

पावलं दाराकडे यायला लागली. स्वतःच्याच दुखवट्याला दाराआडून कान लावलेला माणूस म्हणून पकडलं जाणं ओक्तावियानना कल्पनेतही सहन होईना. ते मांजराच्या पावलांनी खाली उतरले, काळ्या कापडाखालून वाकून अंगणात आले आणि बाकावर बसून राहिले.

अंगण रिकामं होतं. गार वारा सुटला होता आणि बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात वाळलेली पानं खरखरत होती. ओक्तावियाननी वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर त्यांच्या घराच्या खिडक्या काळ्याभोर होत्या. मग आत एक बारीक पिवळा उजेड आला. तो बैठकीतून निजायच्या खोलीत गेला, तिथे थांबला, स्वयंपाकघरात गेला. खिडकी उघडली गेली आणि पडदा बाहेर येऊन हलला. तो उजेड पारास्किवाबाईंच्या हातातला आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी अंगावर काटा आला तो काही केल्या जाईना. आपलं घर आपण नसताना असं दिसतं, हे त्यांनी आजवर पाहिलेलं नव्हतं.

जिन्यातून पावलं उतरून पहिल्या मजल्यावरचं दार लागलं, तेव्हा ते उठले. कुठलाच दिवा त्यांच्यासाठी लागत नव्हता. लाझारच्या दारापुढची मेणबत्ती त्यांच्या चालण्यानं थरथरली, तेव्हा त्यांना बरं वाटलं. निदान मेणबत्तीला तरी ते दिसत होते.

घरात शिरल्यावर मात्र ते उंबरठ्यातच थबकले. भिंतीवरचं घड्याळ थांबवलेलं होतं. त्याची टिकटिक इतकी वर्षं कानात होती की ती नाही हे आधी छातीला कळलं. खिडकी सताड उघडी, आत्म्याला जायला वाट म्हणून. टेबलावर मेणबत्ती, मातीचा मग पाण्यानं भरलेला, आणि ताटात वाफाळती कोंबडी, वर काळी आलुबुखारं. अगदी कार्डावरच्या चित्रासारखी. आणि समोरचा मोठा आरसा, मेलेल्याच्या घरी झाकतात तसा, पांढऱ्या चादरीनं झाकलेला.

ओक्तावियान आरशासमोर जाऊन उभे राहिले. चादर उचलायला हात गेला. उचलली आणि आत कुणी दिसलंच नाही तर? ते सकाळपासूनचा हिशेब लावायला लागले. धूर झाला, नीज लागली, जागे झाल्यावर दिवे लागले नाहीत, बेल वाजली नाही, ओळखीची बाई बघून किंचाळली. झोपेत गेलो असेन तर ते मला कसं कळणार? आतापर्यंत मेलेल्या कुणीही येऊन सांगितलेलं नाही. त्यांनी स्वतःची नाडी बघितली, पण बोटं इतकी थरथरत होती की नाडी कुठली आणि थरथर कुठली ते कळेना. हात चादरीवरून परत आला.

“ओरिका?” त्यांनी हळूच हाक मारली.

पडदा हलला आणि स्थिर झाला. त्यांना घरात एवढं एकटं कधीच वाटलं नव्हतं. आपण खरंच गेलो असू तर ती इथे असायला हवी होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली असती, तावी, आधी हात धू. ती नाही, म्हणजे एकतर आपण गेलेलो नाही, नाहीतर ती अजून रागावलेली आहे. आणि रागवायला तिच्याकडे कारण होतं. ती गेल्यापासून पितरांचे शनिवार येत गेले आणि जात गेले. मेलेल्याला जेवण कसं पोचेल, ही सगळी बायकांची खुळं, असं म्हणून त्यांनी तिच्या नावानं कुणाला कधी एक घास दिला नव्हता. आज ते स्वतः पलीकडच्या बाजूनं ताटाकडे बघत होते आणि पोटात आग पेटली होती.

ते हात धुऊन आले आणि जेवायला बसले. पहिला घास घशाखाली उतरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं ओरिकाच्या आठवणीनं आणि थोडं कोंबडी इतकी छान झाली होती म्हणून. त्यांनी ताट अर्धं संपवलं असेल, तेवढ्यात निजायच्या खोलीत फोन थरथरायला लागला. फोनच्या स्क्रीनवर स्मारांदाचं नाव होतं.

“हॅलो,” ओक्तावियान तोंडातला घास गिळत म्हणाले.

पलीकडून काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग अशी किंकाळी आली की त्यांनी यंत्र कानातून काढलं आणि परत घातलं.

“बाबा? बाबा! तुम्ही... तुम्ही कुठे आहात?”

“घरी. जेवतोय,” ते फोन घेऊन पुन्हा ताटाशी बसत म्हणाले.

“पारास्किवामावशींनी सांगितलं की तुम्ही... मी इथे वॉर्डात मटकन खाली बसले, बाबा! मला पेशंटनं पाणी पाजलं!” आणि ती रडायला लागली. मग तिच्या रडण्याचा सूर बदलला. “आणि कोव्रीग? आंबवलेला कोबी? रोज मला सूप सांगत होतात ना? काय काय सांगत होतात, फुलकोबी काय, वांगी काय! बस्स झालं. मी उद्याचं तिकीट काढते. येते आणि तुम्हाला घेऊन जाते. घर बंद.”

तेवढ्यात दार उघडलं. फोनवरचं बोलणं जिन्यात ऐकू गेलं असावं, कारण दारात तिघंही होते: पुढे पारास्किवाबाई हातात क्रूस घेऊन, मागे लाझार हातात लाटणं घेऊन, आणि त्याच्या पाठीला धरून फिलोफ्तेयाबाई.

“खातोय!” पारास्किवाबाई म्हणाल्या. “लाझार, भूत असं चावतं का रे?”

“अहो मी जिवंत आहे!” ओक्तावियान उसळले. “ते लांबट खोकं रिकामं होतं, कोंबडीचं! मी झोपलो होतो. शिजवून द्या म्हणून पिशव्या मीच लावल्या तुमच्या दारांना!”

लाझार पुढे आला. सामन्यात पडलेल्या खेळाडूजवळ जावं तसा वाकला, ओक्तावियानचं मनगट धरलं, डोळ्याची पापणी वर करून पाहिली. “जिवंत आहे,” त्यानं निकाल दिला. “उठू शकतो.”

“आणि जिन्यातले दिवे? बेल?”

“मी मेन बंद केला होता. दुखवट्यात काय रोषणाई करतात?” लाझार ओशाळून म्हणाला.

“बघ, मी म्हटलं नव्हतं का!” पारास्किवाबाई म्हणाल्या. त्यांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी फोन ओढून घेतला आणि स्मारांदाला सांगितलं, “बाई, बाप जिवंत आहे हं तुझा. मसुरात कांदा नव्हता, कंपनीला कळव.” मग फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. पण फिलोफ्तेयाबाई अजून दारातच होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“हसताय काय?” त्या म्हणाल्या. “आम्ही घेतलं ते ओक्तावियानच्या नावानं घेतलं. तिघांनीही हातात घेऊन बोगदाप्रोस्ते म्हटलं, देव गेलेल्याला क्षमा करो म्हटलं. मेणबत्ती लावली. हे काय दुकानातलं सामान आहे परत करायला? ते गेलं. पितरांच्या शनिवारी गेलं, म्हणजे सरळ पोचलं.”

उघड्या खिडकीतून वारा आला आणि मेणबत्तीची ज्योत आडवी झाली.

“पोचलं खरं,” पारास्किवाबाई सावकाश म्हणाल्या. “आणि हा तर इथे. मग तिकडं घेतलं कुणी?”

“परत पाठवलं असेल,” लाझार म्हणाला. “माणूस नसेल तर परत नेतात.”

“अरे, परत कसं नेतील?” पारास्किवाबाई त्याच्यावर डाफरल्या. “घरचं माणूस असताना? आपल्याकडे पार्सल येतं, नवरा बाहेर गेलेला असतो, तेव्हा कोण घेतं? बायको घेते. ओरिकाबाईंनी घेतलं असणार.”

ओक्तावियाननी काटा खाली ठेवला. टेबलावरच्या फोनमधून स्मारांदाचं रडणं थांबलं होतं. ती ऐकत होती हे तिच्या श्वासावरून कळत होतं. ओक्तावियाननी झाकलेल्या आरशाकडे पाहिलं, मग तोंडावरून हात फिरवला. इतक्या दिवसांत आपण तिला काही दिलं नाही, आणि आज आपल्या नावाची पिशवी तिच्या दारात जाऊन लागली. तिनं नाव वाचलं असेल. काय वाटलं असेल तिला? आधी घाबरली असेल. मग शिव्या घातल्या असतील. मग भूक लागली असेल तर जेवलीही असेल. त्यांना हसूही आलं आणि हुंदकाही आला, आणि दोन्ही एकदम आल्यानं ठसका लागला. फिलोफ्तेयाबाईंनी धीर करून पुढे येऊन त्यांच्या पाठीवर हात मारला, आणि पाठ गरम लागली तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला.

“बाबा,” फोनमधून स्मारांदा हळूच म्हणाली. “मी तिकीट बघू ना?”

“स्मारांदा, मी तिथे आलो तर तिला इथे कोण देणार?” ओक्तावियान म्हणाले. “ही तिघं आपापल्यांना देतात. तिला मीच आहे. आणि मी दिलंच नाही गं आजवर. आज चुकून गेलं.”

स्मारांदानं नाक शिंकरलं आणि तिचा नेहमीचा, कामावरचा आवाज आला.

“खोटं बोलायचं नाही परत.”

“नाही.”

“आणि रांधायचं कसं ते शिकवा त्यांना, मावशी.”

“शिकवते की,” पारास्किवाबाई म्हणाल्या. “कांद्यापासून सुरुवात करू.”

“मग सांगा, बाबा. तिन्हीपैकी कुठली ठेवू?”

“कोंबडीवाली,” ओक्तावियान एका क्षणात म्हणाले. “मसूर नको. तुझ्या आईला मसूर कधीच चालले नाहीत. आणि माशात काटे असतात, तिला चष्मा लागतो.”

तिकडे कीबोर्डवर बोटं आपटल्याचा आवाज आला, मग थांबला.

“बाबा, एक अडचण आहे. ही कंपनी एकट्या माणसासाठी देतच नाही. कमीत कमी दोघांचं घ्यावं लागतं. निम्मं वाया जाईल.”

ओक्तावियाननी ताटात उरलेली अर्धी कोंबडी नीट एका बाजूला सारली आणि वर दुसरी ताटली पालथी घातली.

“वाया कशाला जाईल?” ते म्हणाले. “दोघांचंच पाठव.”